दुसरे पान

वयाच्या ४७ व्या वर्षी मला मधुमेह असल्याचे कळले. बँकेत बढतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी व्हायची, तिच्यात हे निघाले. त्याच संध्याकाळी घरी येताना मी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची, लांबट, लेजरसारखी वही घेतली आणि जेवायला बसण्यापूर्वी पट्टीने तिच्यात रकाने आखले. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, शेरा. ज्याची उमेदीची चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांचा मेळ घालण्यात गेली, त्याला स्वतःच्या रक्ताचे खाते उघडायला कितीसा वेळ लागणार!

ती वही पुढे माझ्या अभिमानाचा विषय झाली. घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी ती दाखवत असे. शेऱ्याच्या रकान्यात आमचा अर्धा संसार आलेला आहे. 'भाचीचे लग्न, जिलबी २.' 'मार्चअखेर, झोप नाही.' 'कोजागरी.' तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा कायम सातच्या आत. आमचे डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते म्हणायचे, "काका, सगळे पेशंट तुमच्यासारखे असते तर मला दुपारी झोप मिळाली असती." मला हे प्रशस्तिपत्रक बढतीच्या पत्राहून मोलाचे वाटे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत दादरचा पूल चढताना मी मध्येच थांबलो. तो पूल मी तीस वर्षे नोकरीसाठी चढलो होतो. छातीत दुखत नव्हते, डावा हात भरून आला नव्हता, नाटक-सिनेमात दाखवतात तसे काहीच नव्हते. फक्त श्वास पुरत नव्हता. कठड्याला धरून उभा राहिलो आणि 'वय झाले' असे स्वतःला सांगून उरलेल्या पायऱ्या चढलो. दुसऱ्या दिवशी हिने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि तो हातात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काका, तुम्हाला झटका येऊन गेलाय."

"काल?"

"नाही. जुना दिसतोय. काही महिन्यांपूर्वीचा असेल. कधी छातीत दुखलं होतं? घाम फुटला होता?"

मला काही आठवेना. घरी आल्यावर मी वही काढली. एकेक पान मागे जात मी त्या वहीत माझ्या हृदयविकाराच्या झटक्याची तारीख शोधत होतो. आकडे सगळे चांगले. ११२, १०८, ११५. अखेर मार्च महिन्यात एका ओळीपाशी थांबलो. '११ मार्च. उपाशीपोटी १०४. जेवणानंतर १४२. रात्री पित्त, घाम. ओव्याचा अर्क घेतला. सकाळी बरे.' साखरेच्या हिशेबाने तो त्या महिन्यातला सर्वांत चांगला दिवस होता. आकड्यांखाली मी लाल शाईने रेघसुद्धा मारली होती.

बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या शरीरातले मज्जातंतू बोथट होत जातात. त्यामुळे झटक्याची कळ मेंदूपर्यंत पोचत नाही किंवा अपचन, थकवा, धाप अशी वेगळीच सोंगे घेऊन येते. हे मला नंतर कळले. पुढचे सगळे रीतसर झाले. अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट बसले आणि चार दिवसांनी घरी आलो. पण एक प्रश्न मनातून जाईना. जो आकडा सांभाळायला सांगितला तो तर मी सांभाळला. मग चुकले कुठे?

उत्तर माझ्याच फायलीत होते. प्रयोगशाळेच्या रिपोर्टाला नेहमी दोन-तीन पाने असतात. पहिल्या पानावर साखर. ते पान मी वाचायचो, वहीत उतरवायचो आणि सगळा जुडगा फायलीला लावून टाकायचो. दुसऱ्या पानावर रक्तातल्या चरबीचा तक्ता असे. लिपिड प्रोफाइल. तो मी वाचत नसे असे नाही, पण बँकेत आम्ही दुसऱ्या शाखेचे परिपत्रक जसे वाचत असू तसा वाचायचो.

त्याआधीच्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी ते पान पाहून मला रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली होती. स्टॅटिन जातीची. मी ती चार महिने घेतली आणि जूनमध्ये, कोणाला न विचारता, बंद केली. सकाळच्या फेरफटक्याच्या मंडळात एकाने सांगितले होते, की या गोळीने साखर वाढते. मी वही तपासली, तर खरेच! एप्रिल-मेमध्ये उपाशीपोटीची साखर सहा-सात आकड्यांनी वर गेली होती. वहीपुढे माझ्या लेखी डॉक्टरांचेही काही चालत नसे. गोळी बंद! आता ती पाने उघडली, तर शेऱ्याच्या रकान्यात त्याच दोन महिन्यांत, माझ्याच अक्षरात, 'हापूस' हा शब्द नऊ वेळा लिहिलेला सापडला.

असो. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ते दुसरे पान माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "काका, बँकेत होतात ना? मग हे ऑडिट करून दाखवा."

आकडे असे होते. एकूण कोलेस्टेरॉल १९४. ट्रायग्लिसराइड्स २१०. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ३४. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८. ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएलच्या पुढे चांदणी छापलेली होती, म्हणजे हे मर्यादेबाहेर. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल मात्र स्वच्छ, कारण शेजारी छापलेली मर्यादा १३० ची. मी म्हणालो, "मुख्य आकडा तर बरोबर आहे."

"कोणी मोजला तो?"

या प्रश्नाने मी चमकलो. बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल प्रत्यक्ष मोजतच नाहीत. ते काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र प्रसिद्ध केले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करा, उरले ते एलडीएल. १९४ मधून ३४ गेले, १६० उरले. त्यातून ४२ गेले, ११८ उरले. बरोबर ११८! बँकेच्या भाषेत ही 'बॅलन्सिंग फिगर'. दिवसअखेर मेळ बसावा म्हणून शेवटी लिहायची रक्कम. आमच्या काळातला प्रत्येक इन्स्पेक्टर आधी त्याच रकमेवर बोट ठेवायचा. आणि ट्रायग्लिसराइड्स जितकी जास्त, तितकी ही वजाबाकी एलडीएलला खरे असेल त्याहून कमी दाखवते. ती ४०० च्या वर गेली, की सूत्र वापरूच नये असा दंडक आहे. म्हणजे ज्या मधुमेहींची ट्रायग्लिसराइड्स हटकून वाढलेली असतात, त्यांच्याच बाबतीत हा आकडा दिलासा देण्याकडे झुकतो.

पण हिशेबाची ही खोट दुय्यमच. मुळात मधुमेह्याच्या रक्तातली चरबी वेगळ्या घडणीची असते. ते समजायला इन्सुलिनच्या दुसऱ्या नोकरीची ओळख करून घ्यावी लागते.

इन्सुलिन साखर पेशींत पोचवते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण शरीरातल्या चरबीच्या कोठारांना कुलूप लावून ठेवणे हेही त्याचेच काम. प्रौढ वयात येणाऱ्या मधुमेहात, ज्याला आता 'टाइप २' म्हणतात, इन्सुलिन असूनही शरीर त्याचे ऐकत नाही. कोठारांची कुलपे ढिली पडतात. तिथली मेदाम्ले दिवसरात्र रक्तात सुटतात आणि यकृताकडे जातात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड्स बनवते आणि चरबीच्या मोठमोठ्या कणांत भरून रक्तात पाठवून देते. काही चरबी यकृतातच साचते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघते ते यातूनच. रक्तात फिरताना हे मोठे कण आपली चरबी एचडीएल आणि एलडीएल कणांना देतात आणि बदल्यात त्यांचे कोलेस्टेरॉल घेतात. या देवघेवीत एचडीएलचे कण अशक्त होऊन लवकर निकालात निघतात, म्हणून तो आकडा घसरतो. एलडीएलचे कण आक्रसून लहान आणि घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज घुसतात आणि तिथे रुतून बसतात.

इथे मला आमच्या कॅश काउंटरची आठवण झाली. एक लाख रुपये पाचशेच्या नोटांत असतील तर दोन पॅकेट होतात. तेच शंभरच्या नोटांत असतील तर दहा पॅकेट. रक्कम एकच, पण तिजोरीत जागा किती लागते ते पाहा. रिपोर्टातले ११८ ही रक्कम आहे. ती किती नोटांत आहे, हे रिपोर्ट सांगत नाही. मधुमेह नसलेल्या माणसाचे ११८ आणि माझे ११८ कागदावर सारखेच. पण माझ्याकडे चिल्लर जास्त, कण जास्त. आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत एकेक कण शिरत असतो. हे कण मोजण्याची 'ॲपो-बी' नावाची तपासणी आता शहरांत होते, कारण अशा प्रत्येक कणावर ॲपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. ती नाही केली तरी घरबसल्या करता येईल अशी एक वजाबाकी आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करायचे. जे उरते त्यात धमन्यांना अपायकारक असे सगळेच कण येतात. त्याला 'नॉन-एचडीएल' म्हणतात. माझे आले १६०. मधुमेह्याचे ते निदान १३० च्या खाली हवे, आणि हृदयविकार जडलेल्याचे त्याहूनही बरेच खाली. दुसऱ्या पानावरच्या दोन आकड्यांत हे १६० लपून बसले होते आणि ते काढायला तिसरीतले गणित पुरे होते.

आपल्या लोकांत हा प्रकार मुळातच जास्त. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या प्रौढांची मोठी पाहणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झाली. तिचे चरबीविषयीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एलडीएल वाढलेले होते शंभरातल्या सुमारे १२ जणांत. ट्रायग्लिसराइड्स वाढलेली साधारण ३० जणांत. आणि एचडीएल कमी होते तब्बल ७२ जणांत. म्हणजे नेहमीच्या 'वाईट' आकड्यावर भिस्त ठेवली तर बहुतेक जण पास होतात आणि उरलेल्या तक्त्यात नापास. याच मालिकेतल्या २०२३ सालच्या अहवालाने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे सांगितले.

'पण मी तर सडपातळ आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही अगदी सारखे, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि पोटात मात्र चरबी, ही आपल्याकडची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही ती दिसते, हे याज्ञिकांच्याच गटाने दाखवून दिले. वजनकाट्यावर उभे राहून निश्चिंत होण्याची सोय आपल्याला नाही.

आता मुख्य मुद्दा. साखर सांभाळण्याने काय साधते? ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे पाच हजारांवर मधुमेहींचा एक प्रचंड अभ्यास झाला. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळे आणि मूत्रपिंडे यांच्यासारख्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण चौथ्या हिश्शाने घटले. हृदयविकाराच्या झटक्यांत मात्र ठाम म्हणता येईल इतकी घट तेव्हा दिसली नाही. ती दिसायला आणखी दहा वर्षे जावी लागली. त्याच अभ्यासात मधुमेह्याच्या हृदयाला धोका कशाकशाने, याची यादी लावली गेली. पहिला क्रमांक एलडीएलचा, दुसरा एचडीएलचा. साखर तिसरी, मग रक्तदाब, मग धूम्रपान. साखरेचे महत्त्व यामुळे तिळमात्र कमी होत नाही. माझे डोळे आणि मूत्रपिंडे आज शाबूत आहेत ती त्या वहीच्या कृपेनेच. पण यादीतले पहिले दोन धोके त्या वहीत नव्हतेच.

२००४ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचताना मला स्वतःचाच रिपोर्ट वाचल्यासारखे झाले. ब्रिटन आणि आयर्लंडमधले २,८३८ मधुमेही. हृदयविकार कोणालाच नाही. एलडीएलची सरासरी ११७ च्या आसपास, म्हणजे माझ्यासारखीच, 'ठीक' म्हणावी अशी. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. फरक इतका स्पष्ट पडला, की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी थांबवावा लागला. खऱ्या गोळीच्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी होत्या. एकट्या पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते.

मी ती गोळी घेत राहिलो असतो तर ११ मार्चची रात्र टळली असती का? हे कोणीच सांगू शकणार नाही. संख्याशास्त्र हजारांविषयी बोलते, एका माणसाविषयी मौन पाळते. पण शक्यता कोणत्या बाजूला होती, हे कळण्याइतका हिशेब मला येतो.

आणि गोळीने साखर वाढते ते? त्यात तथ्य आहे, पण किती ते पाहावे. मधुमेह नसलेल्या ९१ हजारांवर लोकांच्या तेरा चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१० साली मांडला गेला. २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले तर त्यांच्यातल्या एकाला जास्तीचा मधुमेह होतो. ज्याला तो आधीच आहे, त्याच्या साखरेत थोडी भर पडू शकते. ती औषधाने किंवा दोन आंबे कमी खाऊन भरून काढता येते. हृदयाचा मेलेला स्नायू भरून काढता येत नाही. पाय दुखतात, स्नायू आखडतात अशीही पुष्कळांची तक्रार असते. ती डॉक्टरांना जरूर सांगावी. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण पोकळ गोळी घेणाऱ्यांनीही जवळपास तितकीच तक्रार केल्याचे चाचण्यांत दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

हे औषध सापडले तेही मोठ्या मौजेने. अकिरा एन्डो नावाच्या जपानी संशोधकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी हजारो बुरश्या एकामागून एक तपासल्या आणि क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ त्यांना मिळाला. २०२४ साली, नव्वदी गाठून, ते गेले. आपण ज्या बुरशीचे तांदूळ उन्हात टाकतो किंवा फेकून देतो, तिच्या जातभाईने किती संसार सावरले असतील!

दुसरीकडे, निव्वळ ट्रायग्लिसराइड्सचा आकडा औषधाने खाली आणून हृदय वाचते असा अनुभव मात्र नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दहा हजारांवर मधुमेहींची ट्रायग्लिसराइड्स औषधाने चांगली उतरली, पण झटके कमी झाले नाहीत. एचडीएल वाढवणाऱ्या औषधांचीही अशीच निराशा झाली. चांदण्या पुसल्या म्हणजे धोका पुसला असे नसते. कण कमी झाले पाहिजेत. ट्रायग्लिसराइड्स फारच वाढली, पाचशेच्या पुढे हजाराकडे जाऊ लागली, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय असते. तेव्हा त्यांचा वेगळा बंदोबस्त करावाच लागतो. अन्यथा त्यांच्यावरचा उतारा बहुतांशी आपल्याच हातात असतो.

तो उतारा स्वयंपाकघरात आहे आणि तिथेच आपले गैरसमजही जास्त. चरबी म्हटले की आपण तूप आणि अंडी यांच्याकडे संशयाने पाहतो. रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतःच बनवते. तूप, साय, खोबरे यांना आवर हवाच. पण ट्रायग्लिसराइड्स वाढवण्यात पिष्टमय आणि गोड पदार्थांचा हात मोठा. उपासाचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिठूळ माल. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापतात. वनस्पतींच्या तेलात ते जवळपास नसतेच, त्यामुळे त्यात त्या तेलाची फुशारकी ती काय? खरा शत्रू वनस्पती तुपातला 'ट्रान्स' मेद. आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याला दोन टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतल्या तेलाचे काय होते, ते भजी खाणाऱ्याने आपल्या मनाला विचारावे. संध्याकाळचा 'एखादा पेग' हाही ट्रायग्लिसराइड्सचा जुना मित्र. आणि दुपार-रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, चार-पाच किलो वजन उतरवणे हे साधे उपाय या आकड्यावर जितके झटपट दिसतात, तितके क्वचितच कशावर दिसत असतील. थायरॉइड मंदावले असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तरी चरबी वाढते, म्हणून त्यांची तपासणी एकदा करून घ्यावी.

हे सगळे समजून घेऊन मी उठलो, तेव्हा डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिले आणि विचारले, "काकू, तुमचा रिपोर्ट?"

हिलाही मधुमेह आहे, आठ वर्षांपासून. एका शिबिरात निघाला. गोळ्या वेळेवर घेते, पथ्य माझ्यापेक्षा कडक पाळते. माझी वही मी पाहुण्यांना दाखवायचो तेव्हा चहाचा ट्रे हिच्याच हातात असायचा. तिची वही नव्हती. तिचे रिपोर्ट माझ्याच फायलीच्या मागच्या खिशात घडी करून ठेवलेले. डॉक्टरांनी घडी उलगडली. एकूण २१८. एचडीएल ४४, बायकांना ते ५० च्या वर हवे. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. १७४. माझ्यापेक्षा जास्त! आणि चरबीची गोळी तिला कोणी कधी दिलेलीच नव्हती, कारण ते पान कोणी पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनीही नाही, तिच्या साखरेचा आकडा विचारून आम्ही दोघे निघायचो.

बायकांना हृदयविकार उशिरा होतो, निसर्गाने त्यांना ते संरक्षण दिले आहे, अशी आपली समजूत असते. मधुमेह ते संरक्षण बरेचसे काढून घेतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीत हे १९७९ सालीच दिसले होते. २०१४ साली ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांवर लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो, ती पट पुरुषांपेक्षा स्त्रियांत ४४ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्या घरात दोघांना मधुमेह आहे, तिथे दम कोणाला लागतो याकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण 'स्वयंपाक करताना जरा घाम येतो' हे वाक्य कोणी ऐकून घेते का? मी तरी घेतले नव्हते.

आता दोघेही रात्री जेवणानंतर ती गोळी घेतो. तीन महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा माझे नॉन-एचडीएल ८४ वर आणि हिचे १०८ वर आले होते. डॉक्टर म्हणतात, मधुमेह्याचे एलडीएल १०० च्या खाली हवे, आणखी धोके असतील तर ७० च्या खाली, आणि माझ्यासारख्या झटका येऊन गेलेल्याचे ५५ च्या आसपास किंवा त्याहून खाली. रिपोर्टावर छापलेली मर्यादा सरसकट सर्वांसाठी असते. आपली मर्यादा कोणती हे डॉक्टरांना विचारून त्या पानावर पेनाने लिहून ठेवावे.

डेन्मार्कमध्ये १६० मधुमेहींवर एक छोटासा अभ्यास झाला होता. त्यांतल्या निम्म्या लोकांची साखर, रक्तदाब, चरबी या सगळ्याच गोष्टी एकदम काटेकोरपणे सांभाळल्या गेल्या. एकवीस वर्षांनंतर, २०१६ साली, पाहिले तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ते जवळजवळ आठ वर्षे जास्त जगत असल्याचे दिसले. आठ वर्षे म्हणजे नातीचे दहावीपासून लग्नापर्यंतचे दिवस.

जुनी वही मी टाकलेली नाही. ती कपाटात आहे, ११ मार्चच्या लाल रेघेसकट. नवी वही गेल्या पाडव्याला आणली. तिच्यात साखरेच्या शेजारी रक्तदाब आणि नॉन-एचडीएल हे दोन रकाने वाढवले आहेत. चरबीचा रकाना काही महिन्यांतून एकदाच भरला जातो, म्हणून तो बहुतेक रिकामा दिसतो. डावे पान माझे, उजवे हिचे. शेऱ्याच्या रकान्यात ती स्वतः लिहिते. परवाच्या तारखेला तिच्या अक्षरात एवढेच आहे: 'जिना चढताना दम लागला नाही.'